कार्योत्तर नियोजन

मेल आला तेव्हा सुखदेव ओव्हाळ कमोड-खुर्चीवर बसून चहा पीत होते. झाकण लावलेले होते, त्यामुळे यात गैर काही नव्हते. 'उसनी काठी' या संस्थेत साध्या खुर्च्या दोनच होत्या आणि त्यांवर फायली बसलेल्या असत. बाकीच्या खुर्च्या एकतर चाकांच्या नाहीतर कमोडच्या. चाकांच्या खुर्चीत चहा सांडतो, हे ओव्हाळसाहेब अकरा वर्षांत शिकले होते.

संस्था कसबा पेठेत, एका अरुंद जिन्याच्या वर, पहिल्या मजल्यावर होती. आजारी माणसाला लागणारी कॉट, वॉकर, कुबड्या, पाण्याची गादी असे सामान ती अनामत ठेवून उसने देई आणि बरे वाटल्यावर, किंवा तसे न वाटल्यावर, परत घेई. अधू माणसांची संस्था जिन्यावर कशी, असे लोक विचारत. ओव्हाळसाहेबांचे उत्तर ठरलेले असे. "जो हा जिना चढून येतो, त्याला आमच्या सामानाची गरज नाही. चाचणी तिथेच होते."

पण आता ती इमारतच पाडायची होती. डिसेंबरअखेर जागा रिकामी करून चाळीस कॉट आणि साठ वॉकर घेऊन जायचे कुठे, या काळजीने संस्थेचे कार्यवाह म्हणून ओव्हाळसाहेबांचे वजन उतरले होते. बाणेरच्या एका प्रतिष्ठानाने धायरीत तळमजल्याची ऐसपैस जागा फुकट देण्याची तयारी दाखवली होती. दुसरी कुठलीच आशा नव्हती.

"सर, त्यांचा मेल आलाय," कॉम्प्युटरमागून अक्षता म्हणाली. ही संस्थेची एकमेव पगारी पदवीधर. "जागा देण्याआधी ते आपली स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग मॅच्युरिटी असेसमेंट करणार आहेत."

"मराठीत काय म्हणतात याला?"

"धोरणात्मक नियोजनाच्या परिपक्वतेचं मूल्यांकन."

"इंग्रजीच बरं होतं," ओव्हाळ म्हणाले. "आमच्या कार्यकारिणीचं सरासरी वय एकाहत्तर आहे. अजून किती परिपक्व व्हायचं?"

"वन टू फाइव्ह लेव्हल्स आहेत. तीन मिळाली तर जागा, नाहीतर 'भविष्यात पुन्हा अर्ज करावा'. पुढच्या सोमवारी अकराला त्यांचे रणजित घोरपडे येणार. आणि सर, मागच्या पाच वर्षांचे स्ट्रॅटेजिक प्लॅन्स दाखवायचेत. ओरिजिनल. सह्या-शिक्क्यांसकट."

ओव्हाळसाहेबांचा चहा कमोड-खुर्चीवरही सांडला.

संस्थेकडे नियोजन नावाचा कागद एकही नव्हता. वार्षिक अहवाल मात्र होते, अगदी बारीकसारीक तपशिलांसह. काय झाले हे संस्थेला नेहमी माहीत असे. काय करायचे आहे हे आजवर कुणी विचारले नव्हते. दोन दिवस ओव्हाळसाहेब जुने अहवाल चाळत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते आणि तिथली चौतीस वर्षे ऐन वेळी त्यांच्या मदतीला धावून आली.

"अक्षता, कार्योत्तर मंजुरी म्हणजे काय माहीत आहे?"

"नो आयडिया, सर."

"आधी काम उरकायचं, मग त्याला मंजुरी घ्यायची. अख्खं सरकार त्यावर चालतं. बंधारा वाहून गेल्यावर बंधाऱ्याची मंजुरी आलेली मी स्वतः पाहिली आहे. मंजुरी कार्योत्तर चालते, तर नियोजन का नाही? अहवाल काढ. त्यात जे जे झालं, ते ते आपण ठरवलं होतं असं लिही."

"पण हे फेक नाही का?"

"फेक कसं? एकूण एक गोष्ट खरी घडलेली आहे."

अक्षताने अहवाल उघडले. तिने तक्ता आखला: उद्दिष्ट, मुदत, जबाबदार व्यक्ती, साध्य. पहिल्या रकान्यात अहवालातल्या नोंदी एकामागून एक चिकटवल्या, 'जबाबदार व्यक्ती'खाली पहिल्या ओळीत 'कार्यवाह' लिहून माउसने तो शब्द शेवटपर्यंत खाली ओढला, 'साध्य'खाली तसेच 'पूर्ण' ओढले. पाच वर्षांचे नियोजन गुरुवारी दुपारी जेवणाच्या आत तयार झाले. ओव्हाळसाहेबांनी न वाचता सह्या केल्या. चौतीस वर्षांची सवय होती.

प्रश्न कागदाच्या कोरेपणाचा होता. अक्षताने चहाचे पाणी सुचवले. ओव्हाळसाहेब दुखावले. "सरकारी फाइल चहाने जुनी होत नाही. लाल फितीत बांधून दाबून ठेवली की होते." त्यांनी फाइल बांधली आणि कोपऱ्यातल्या सतरा नंबरच्या कॉटवर, गादीखाली सरकवली.

मग त्यांचा मोर्चा भिंतीकडे वळला. भिंतीवर एकाच खिळ्याला एकाखाली एक अशी अकरा वर्षांची कॅलेंडरे लटकत होती. ती द्वारकाबाईंची. द्वारकाबाई पोकळे सामान द्यायच्या-घ्यायच्या कामावर होत्या. धायरीहून बसने येत, सातवी शिकलेल्या होत्या आणि येता-जाता त्या कॅलेंडरांवर पेन्सिलीने काहीबाही खरडत. ओव्हाळसाहेब अकरा वर्षे त्यावरून कुरकुरत होते.

"द्वारकाबाई, हा पसारा रद्दीत द्या. या जागी आपलं व्हिजन लागणार आहे."

"ते काय असतं?"

ओव्हाळसाहेबांनी अप्पा बळवंत चौकातून करून आणलेली फ्रेम दाखवली. तीत सोनेरी अक्षरांत लिहिले होते: '२०३५ पर्यंत प्रत्येक पुणेकराच्या हाती काठी.'

द्वारकाबाईंनी ते दोनदा वाचले. "मारामाऱ्या व्हतील, साहेब," एवढेच म्हणाल्या आणि फ्रेम घेऊन भिंतीकडे गेल्या.

सोमवारी सकाळी साडेनऊला ओव्हाळसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले. फ्रेम लागली होती, थोडी पुढे आलेली दिसत होती, पण लागली होती. ते समाधानाने कोपऱ्याकडे वळले आणि जागच्या जागी थिजले. कोपरा रिकामा होता.

"सतरा नंबर कुठं आहे?"

"शनवारी गेली की," द्वारकाबाई म्हणाल्या. "मार्केट यार्डातले हमाल हायत ना सर्जेराव, त्यांचा पाय मोडला. गादीसकट दिली. नुसत्या लोखंडावर कसा झोपंल तो?"

"तीत फाइल होती!"

"मला कुठं सांगितलं व्हतं? मी म्हटलं गादी जरा टोचतीय."

ओव्हाळसाहेबांनी रिक्षा केली. गुलटेकडीत सर्जेरावांच्या घरी पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. सर्जेराव मांडीपर्यंत प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून पडले होते. फाइल गादीखाली नव्हती. ती त्यांच्या छातीवर उघडी होती आणि ते वाचत होते.

"या साहेब," ते म्हणाले. "पाठीला टोचत हुती म्हणून काढली. आडवं पडून दुसरं करायचं काय? दोनदा वाचून झाली. एक इचारू?"

"पटकन विचारा."

"ह्यात लिवलंय, तुमचे खजिनदार दत्तोबा चौदा ऑगस्टला मरणार. वर्षाच्या आरंभालाच लिवलंय. त्यांना आधी सांगितलं हुतं का?"

ओव्हाळसाहेबांनी फाइल ओढून घेतली. सर्जेरावांनी बोटाने दाखवलेली ओळ वाचली. मग तिच्या शेजारचा रकाना वाचला आणि ते मटकन कॉटच्या कडेवर बसले. सर्जेराव ओरडले, कारण ती कड नव्हती, पाय होता.

दत्तोबा संस्थेचे कोषाध्यक्ष. तीन वर्षांपूर्वी झोपेत गेले, आणि अहवालात त्यांच्या निधनाची नोंद रीतसर होती. अक्षताने ती बाकीच्या नोंदींबरोबर उद्दिष्टांत चिकटवली होती. जबाबदार व्यक्ती: कार्यवाह.

परतीच्या रिक्षात त्यांनी पुढची पाने चाळली आणि प्रत्येक पानागणिक त्यांचा रंग उतरत गेला. हे पान फाडावे तर मागच्या बाजूला सहीशिक्का. सगळीच पाने फाडावीत तर जागा गेली. काहीतरी सबब सांगून फाइल दडपायची, असे ठरवून ते जिना चढले तर रणजित घोरपडे आधीच साध्या खुर्चीवर बसले होते. चाळिशीचे, उंच, टापटीप गृहस्थ. लॅपटॉप उघडा.

"वा, प्लॅन्स घेऊनच आलात," ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

अक्षता कौतुकाने बघत होती. द्वारकाबाई वॉकरची रबरे बदलत होत्या. ओव्हाळसाहेबांनी फाइल छातीशी धरली, पण घोरपडेंचा हात मागे जाईना. शेवटी फाइल गेली.

घोरपडे वाचू लागले. पहिल्या पानावर त्यांनी मान डोलावली. दुसऱ्यावर भुवया आक्रसल्या. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

"हा प्लॅन दोन फेब्रुवारी दोन हजार वीसला मंजूर झालाय?"

"हो," ओव्हाळ पुटपुटले.

"त्यात लिहिलंय, 'एप्रिल व मे: कार्यालय पूर्ण बंद ठेवणे. घरातून बाहेर न पडणे. जूनपासून ऑक्सिजनच्या यंत्रांसाठी नागरिकांची रांग लावून घेणे.'" घोरपडेंचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला फेब्रुवारीतच माहीत होतं? मग कुणाला बोलला का नाहीत?"

अक्षताचा हात हळूहळू तोंडावर गेला.

"दोन हजार एकवीस. 'जुलै: मागची भिंत पडणे. जबाबदार व्यक्ती, कार्यवाह. साध्य, पूर्ण.' दोन हजार तेवीस. 'उंदरांनी पाण्याच्या गाद्या कुरतडणे. उद्दिष्ट, तीन. पूर्ण.'" त्यांनी मागचे पान उलटले आणि एकदम फाइल टेबलावर ठेवली, हात लावायलाही नको अशी. "'कोषाध्यक्ष दत्तोबा यांचे दुःखद निधन. मुदत, चौदा ऑगस्ट. जबाबदार व्यक्ती, कार्यवाह. पूर्ण.' ओव्हाळसाहेब, पोलिसांना हे माहीत आहे?"

"ते झोपेत गेले हो!" ओव्हाळसाहेब जवळजवळ रडकुंडीला आले. "साताऱ्याला, मुलीकडे! मी तेव्हा इथे होतो!"

"आणि तरीही वेळेत."

मग मात्र ओव्हाळसाहेबांचा बांध फुटला. अहवाल, कार्योत्तर मंजुरी, वाहून गेलेला बंधारा, लाल फीत, सर्जेरावांचा पाय, त्यांनी सगळे सांगितले. सांगताना त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की ते मागे न बघता चाकांच्या खुर्चीत बसले आणि आपोआप वीतभर मागे सरकले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "या मुलीची नाही. आमच्याकडे नियोजन कधी नव्हतंच. माणसं येतात, आम्ही सामान देतो. एवढंच करतो."

घोरपडेंनी लॅपटॉपकडे बघितले. "आमच्या मोजपट्टीत एक ते पाच आहेत. तुमच्यासाठी शून्य नव्याने टाकावं लागेल. सॉरी." ते खरोखर खिन्न झाले होते.

तेवढ्यात फोन वाजला. द्वारकाबाईंनी उचलला. "कॉट? व्हय, मिळंल. थांबा हं." त्या भिंतीकडे गेल्या, डब्याचे झाकण उचलावे तशी त्यांनी व्हिजनची फ्रेम वर उचलली, खाली वाकून पाहिले आणि फ्रेम सोडून दिली. "शुक्रवारी या. शुक्रवारी एक परत येतीय."

घोरपडे लॅपटॉप मिटता मिटता थांबले. "कुणाची परत येतेय? त्यांनी कळवलंय?"

"न्हाई. त्यांना कुठं माहीत हाय?"

"मग तुम्हाला कसं माहीत?"

द्वारकाबाईंनी ओव्हाळसाहेबांकडे चोरून पाहिले. मग फ्रेम काढली. खाली अकराच्या अकरा कॅलेंडरे जशीच्या तशी होती. "साहेब रद्दीत द्या म्हनले व्हते. पन खिळा एकच हाय, म्हटलं वर लटकवावं."

घोरपडे भिंतीपाशी गेले. प्रत्येक चौकोनात बारीक पेन्सिलीने लिहिलेले होते: कॉट ९, शिवणे. वॉकर ३१, आनंदीबाई. कुबड्या, कॉलेजचा पोरगा. आणि जवळपास प्रत्येक नोंदीशेजारी पेनाने एक तारीख.

"पेन्सिल म्हंजे कधी परत येनार ते. देतानाच लिवते. पेन म्हंजे खरं कधी आलं ते."

"पण कळतं कसं?"

"न्यायला कोन येतंय त्यावर. दुखनाईत स्वतःच फोनवर भांडला, ह्योच रंग पायजे, तर तो तीन हप्त्यात उठतोय. सून येऊन दाराचं माप सांगाय लागली की कॉट वरीसभर ऱ्हाती. आन् मुलगा आला, काहीच न इचारता सही करून गेला..." त्या थांबल्या. "तर ती लवकर परत येती. तवा मी अनामत लगेच द्यायला काढून ठेवते. त्यांना थांबाय नको."

घोरपडे एकेक कॅलेंडर उलटत गेले. पेन्सिल आणि पेन यांच्यात कुठे दोन दिवसांचा फरक, कुठे चारांचा. पुष्कळ ठिकाणी काहीच नाही.

"आणि हे काय? सप्टेंबरमध्ये 'आठ वॉकर दुरुस्त'?"

"दिवाळीच्या साफसफाईत बाया स्टुलावरून पडत्यात. दरसाल. आठ-धा तरी. आधी करून ठेवावं लागतं."

"ते बिल माझ्याकडे आलं होतं," ओव्हाळ खुर्चीतून हळूच म्हणाले. "मी विचारलं होतं, आत्ता कशाला."

घोरपडेंनी शोधून दोन हजार वीसचे कॅलेंडर वर काढले. मार्च अर्ध्यापर्यंत बरोबर जुळत होता. एप्रिलच्या पेन्सिलींशेजारी पेनाच्या तारखा थेट जूनच्या होत्या. मेच्याही.

"इथे बंदचं काहीच नाही?"

"त्यात काय लिवनार?" द्वारकाबाई म्हणाल्या. "कुनाला माहीत व्हतं?"

घोरपडेंनी त्या चुकलेल्या तारखांवरून बोट फिरवले. मग त्यांनी फोन काढून अकराही कॅलेंडरांचे फोटो घेतले. "ओरिजिनल आहेत," ते स्वतःशीच म्हणाले. ओव्हाळसाहेबांनी लेव्हल विचारण्यासाठी तोंड उघडले, पण त्यांना धीर झाला नाही.

जाता जाता घोरपडेंनी चालू वर्षाचे शेवटचे पान सहज उलटले आणि ते वाकलेलेच राहिले. बारा डिसेंबरच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिले होते: वॉकर ४४, तपासणीवाले साहेब, उजवा गुडघा.

"हे... हे कधी लिहिलंत?"

"मघाशी. तुमी जिना चढत व्हता तवा. डावा पाय आधी टाकत व्हता सारखा."

"मी रोज बॅडमिंटन खेळतो! मला काही झालेलं नाही!"

"व्हय," द्वारकाबाई समजूत काढत म्हणाल्या. "खेळताय म्हनूनच बारा लिवलं. न्हाईतर संक्रांत लिवली असती."

घोरपडे कठडा धरून, एकेक पायरी मोजत, आडवे आडवे खाली उतरले.

त्यानंतर महिनाभर बाणेरहून काही आले नाही. ओव्हाळसाहेबांनी मेल केले, फोन केले. साहेब रजेवर आहेत असे उत्तर मिळे. डिसेंबरची बारा तारीख आली आणि गेली. द्वारकाबाई अस्वस्थ होत्या. चव्वेचाळीस नंबरचा वॉकर त्यांनी दोन गिऱ्हाइकांना नाकारला होता. ओव्हाळसाहेबांनी कॉट स्वतःच्या घराच्या गच्चीवर न्यायच्या म्हणून मोजमाप सुरू केले होते.

पंधरा तारखेला दुपारी खालून हाक आली. "ओव्हाळसाहेब! जरा खाली येता का?"

जिन्याच्या तोंडाशी घोरपडे उभे होते. एका हाताने भिंत धरलेली, उजवा गुडघा पट्ट्यात. त्यांनी पहिल्या पायरीकडे पाहिले आणि मान हलवली. संस्थेच्या चाचणीत ते नियमानुसार पात्र ठरले होते.

द्वारकाबाई वॉकर घेऊन खाली आल्या. "तीन दिस उशीर केलात."

"तीन दिवस कुणाचं ऐकलं नाही मी," घोरपडे म्हणाले. त्यांनी खिशातून पाकीट काढून ओव्हाळसाहेबांच्या हातात दिले. आत धायरीच्या जागेचे पत्र होते आणि किल्ली. "लेव्हल चार. नियोजन प्रमुख म्हणून मी यांचं नाव घातलंय. अट एकच आहे. ती पाच वर्षांची फाइल नव्या जागेत यायची नाही."

ओव्हाळसाहेबांना रस्त्यातच भरून आले. त्यांनी पत्र दोनदा वाचले, घोरपडेंना रिक्षात बसवून दिले आणि जिना चढताना, बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा, द्वारकाबाईंना म्हणाले, "आमच्या हातून चूक झाली, बाई. ती कॅलेंडरं धायरीत सगळ्यात पुढच्या भिंतीवर लागतील."

"बरं," द्वारकाबाई म्हणाल्या.

त्या सामान मोजायला आत गेल्यावर ओव्हाळसाहेब भिंतीपाशी गेले. इकडेतिकडे बघून त्यांनी डिसेंबरचे अख्खे पान बारकाईने तपासले. ओव्हाळ नव्हते. कार्यवाह नव्हते. साहेब होते, पण ते घोरपडे. त्यांनी मोठा श्वास सोडला.

"साहेब," आतून आवाज आला, "नव्या सालाचं कॅलेंडर आनलंय मी घरी. आपल्यातल्या मानसांचं आधी लिवून घेते, मग इथं लावते."

धायरीच्या नव्या जागेत जिना नाही. दारापाशी दोन पायऱ्या आहेत. द्वारकाबाई बघत असल्या, की ओव्हाळसाहेब त्या दोन्ही एका उडीत चढतात.